सात पुरचुंड्या

प्रिय दत्ता,

खट्-खडाड्-खडाड्. खट्-खडाड्-खडाड्.

साठ वर्षं होऊन गेली, पण हा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. शाळेच्या व्हरांड्यात तू दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची गाडी सुतळीनं ओढत चालला होतास आणि शहाबादी फरशीच्या प्रत्येक सांध्यावर ती अशी वाजत होती. आत मास्तर आम्हाला वृत्तं शिकवत होते. लगागा, लगागा, लगागा, लगागा. ते मधेच थांबले आणि म्हणाले, "बाहेर भुजंगप्रयात कोण ओढत नेतोय रे?" मला वाटलं, आता तुझी पाठ सोलून निघणार. पण त्यांनी तुला गाडीसकट आत बोलावलं, टेबलाभोवती चकरा मारायला लावल्या आणि सगळ्या वर्गानं त्या ठेक्यावर कविता म्हटली. तू उशिरा आला होतास हे कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही!

तेव्हापासून तुझी गाडी मला चालीवरून ओळखू येते. पुढे तू एमआयडीसीत फिटर झालास, मी नगरपालिकेत कारकून. दोघंही निवृत्त झालो. तुझी मुलगी परदेशी जायला निघाली, तेव्हा माळ्यावरून तिच्या लहानपणीचा प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा निघाला आणि तू मला फोन केलास, "अनंता, ये. आगगाडी करू. मोटर लावून." मी बदलापूरहून तसाच निघालो, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्यानंतर तुझ्या हातून जेवढी इंजिनं झाली, ती सगळी लगागा चालायची. इंजिनाखाली तीन चाकांची बोगी, तीन ठोके. एक लहान, दोन मोठे. मी डोळे मिटून सांगत असे, ही दत्ताची.

आज का लिहितोय, सांगतो. तुझं शेवटचं हिरवं इंजिन काल मी माझ्या जेवणाच्या टेबलावर चालवलं. आणि दत्ता, ते तुझं नाही. मला फसवू नकोस.

दुसरंही एक कारण आहे, ते जास्त वाईट आहे. तुझ्या तेराव्याला, तुझ्याच घरात, आलेल्यागेलेल्यांसमोर मी कमळला चोर ठरवलं. तिचं तुमच्याकडचं काम गेलं. तुमच्या बुवापाड्यात शेजारच्या दोन घरी ती धुण्याला जायची, तीही कामं गेली, कारण मी हळू बोललो नव्हतो. चार महिने झाले. कालपर्यंत मला वाटत होतं की मी तुझ्या वस्तूंची राखण केली. आज तसं वाटत नाही.

पण आधी तुझ्यावरचे माझे संशय ऐकून घे. ते कमळच्याही आधीचे आहेत.

शेवटची दीड वर्षं तू मला टाळत होतास. नाही म्हणू नकोस! पूर्वी रविवारी सकाळी नऊला सतरंजी पसरली जायची. तुझ्याकडे इंजिनाचं पोट म्हणजे मोटर, दातेरी चाकं, चाकांमधली आस. माझ्याकडे डबे, छपरं, खिडक्या. एकमेकांच्या कामाला बोट लावायचं नाही, हा नियम तूच केलास. मग एक दिवस म्हणालास, "तू अकरानंतर ये. सकाळी माझं मी जोडतो. तू असलास की लक्ष लागत नाही." चाळीस वर्षं प्रेस मशीनच्या धडधडीत ज्याचं लक्ष लागलं, त्याला माझ्या गुणगुणण्याचा त्रास व्हायला लागला?

मी अकराला यायचो तेव्हा सगळं आवरलेलं असायचं. तू खुर्चीत, अंगावर शाल, हात शालीच्या आत. अंबरनाथच्या एप्रिलमध्ये शाल! मी विचारलं तर म्हणालास, पंख्याचा वारा बाधतो. चहा घेणं बंद केलंस. "पित्त होतं," म्हणालास. ज्या माणसानं सासऱ्यांच्या मयताहून आल्यावर अंगणात उभ्या उभ्या दोन कप चहा घेतला होता, त्याला पित्त! मी निघताना पूर्वी हातात हात घ्यायचास, तेही सोडलंस. मान हलवायचास नुसती.

मी घरी येऊन विचार करायचो, माझं काय चुकलं? मागे एकदा तुझ्या बोगीला मी "लंगडी" म्हटलं होतं, त्याचा राग धरलास? की तुला दुसरा कुणी जोडीदार मिळाला? मला तोच संशय जास्त होता. कारण मी अकराला यायचो तेव्हा काम पुढे गेलेलं दिसायचं, आणि ते काम तुझ्या वळणाचं नसायचं. तू डावखुरा. तुझ्या खिळ्या डावीकडून आत जायच्या. या सगळ्या उजवीकडून गेलेल्या. मी बोललो नाही. पण बघून ठेवलं.

कमळबद्दल मला तू काय सांगितलं होतंस? "तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेत, म्हणून बाई ठेवली." एवढंच. बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीतून, जिथून तिची आई, आजी भाजी विकायला यायच्या तिथून, ती सकाळी यायची. चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. मी आलो की आत निघून जायची. मला वाटायचं, लाजते. मग वाटायला लागलं, काहीतरी लपवते. संशयाला दत्ता, फार खायला लागत नाही.

आता तेराव्याचं. तू गेलास तो दुपारी जेवून पडलेला असताना, कुणालाही त्रास न देता. जेवणं उरकली आणि वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचं ते इंजिन तुम्ही न्या. अर्धंच आहे. तुम्हीच पुरं कराल." मी खोका उघडला. इंजिनाची पुढची बोगी तयार होती. मागची नव्हतीच. मोटर एकच. आपण दोघांनी उल्हासनगरला गोपालच्या दुकानातून जुळ्या मोटरी निवडून आणल्या होत्या, आठवतंय ना? एक पुढे, एक मागे, कारण हे घाटातलं इंजिन होतं, गाडीला मागून ढकलणारं, त्याला जोर हवा. दुसरी मोटर कुठे? सुटे ठोकळेही निम्मे गायब.

मी शोधायला लागलो. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक कापडी पिशवी होती. कमळची. त्यात तिची छत्री, डबा आणि त्याखाली जुन्या साडीच्या चिंध्यांत बांधलेल्या सात पुरचुंड्या. एक सोडली. आत आपले ठोकळे! दुसरी सोडली, ठोकळे!

मी तसाच बाहेरच्या खोलीत आलो. तुझे भाचे, शेजारच्या बायका, सगळे बसलेले. पुरचुंड्या मी सतरंजीवर ओतल्या नाहीत एवढंच, बाकी सगळं केलं. म्हणालो, "वहिनी, हे बघा. माणूस जाऊन तेरा दिवस झाले नाहीत आणि न्यायला बांधूनसुद्धा ठेवलंय."

कमळ भांडी घासत होती. ओल्या हातांनी बाहेर आली. "ते बाबांचं काम हाय," म्हणाली.

"बाबांचं कसलं काम? बाबा चिंध्यांत ठोकळे बांधत होते?"

तिनं पुरचुंडी घ्यायला हात पुढे केला, मी ती मागे घेतली.

"आणि मोटर कुठंय?"

"ती इथं नाय."

"मग कुठंय?"

तिनं वहिनींकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे. "मी बोलायची नाय," म्हणाली. "मी तसं कबूल केलंय."

मला सांग दत्ता, याच्यापेक्षा सरळ कबुली कोणती? शेजारची एक बाई म्हणाली, "बघा, उलट उत्तर देते!" कमळनं पिशवीतून छत्री आणि डबा काढून घेतला, पिशवी तिथेच ठेवली आणि गेली. हात पुसायलाही थांबली नाही. दाराच्या कडीवर ओल्या बोटांचा डाग राहिला होता, तो मी बघितला. आणि मनात म्हणालो, बरं झालं.

चार महिने तो खोका माझ्या कपाटावर होता. काल मन घट्ट करून उतरवला. म्हटलं, मागची बोगी निदान मोटरीशिवाय जोडू, नुसती मागे मागे चालेल. पुरचुंड्या टेबलावर ठेवल्या आणि पहिल्यांदाच नीट बघितल्या. चोरही असं बांधत नाही रे! एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, अशी सातवीला सात. मी त्या दिवशी घाईत कोणत्याही दोन सोडल्या आणि परत कशाही बांधल्या होत्या, त्यामुळे पाच आणि सहा कोणत्या हे शोधायला मला तासभर लागला.

एक गाठवाली सोडली. आतल्या ठोकळ्यांतून बोगीचा सांगाडा झाला. एकही ठोकळा उरला नाही, एकही कमी पडला नाही. मग दोन गाठींची. त्यातून चाकांच्या बैठका, परत तसंच, नेमकं. भाजीच्या जुड्या आणि वाटे जिच्या आईनं, आजीनं बाजारात मांडले, तिनंच हे वाटे घातलेत, हे मला तिसऱ्या पुरचुंडीला कळलं. जिला आकड्यांचा कागद वाचता येत नाही तिनं गाठींनी जोडणीची पानं पाडली होती. हे न्यायला बांधलेलं नव्हतं. हे जोडायला बांधलेलं होतं.

सातही पुरचुंड्या संपल्या, मागची बोगी उभी राहिली, आणि मग टेबलावर रूळ मांडून मी इंजिन वळणावर सोडलं.

आपलं वळण! तीन वर्षं आपण त्या वळणावर डोकं आपटलं. लांब बोगी, तीन चाकं एका रेषेत, वळणात मधलं चाक अडायचं आणि इंजिन कडेला झोपायचं. तू दाते बदलले, मी वजन बदललं, तू रूळ शिव्या देऊन उलटे लावलेस. आणि काल हे इंजिन एका मोटरीवर, शांतपणे, वळण घेऊन गेलं. परत आलं. परत गेलं. मी खुर्ची ओढून कान टेबलाला लावला. लगागा नव्हतंच ते. गालगा, गालगा. मधला ठोका हलका पडत होता.

उलटं करून बघितलं. पुढच्या तयार बोगीत मधली आस मुद्दाम ढिली ठेवली होती, आणि पुरचुंड्यांच्या मापानं मागचीही तशीच झाली होती. हलवली की दाणाभर इकडे, दाणाभर तिकडे सरकत होती. म्हणजे वळण आलं की मधलं चाक आपलं आपण बाजूला व्हायचं.

हे तुझं डोकं नाही. तुला कुठलीच गोष्ट ढिली सहन व्हायची नाही, बायकोच्या डब्याची झाकणंसुद्धा तू पान्यानं आवळायचास. माझं तर नाहीच नाही. मग कुणाचं? मला सरळ गोपालचा संशय आला. उल्हासनगरचा माणूस, मोडकी खेळणी जिवंत करतो. म्हटलं, यानंच तुला गुपचूप करून दिलं असणार आणि दुसरी मोटरही याच्याकडेच पोचली असणार. कमळनं नेऊन दिली असेल. बघ, तेव्हाही मी तिला सोडलं नव्हतं! गाठी बघून झाल्यावरसुद्धा!

आज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला त्याच्या दारात हजर झालो.

"आओ कविराज! चार महिन्यांनी! बैठो, चाय बोलतो."

"चहा नको. गोपाल, खरं सांग. आमची मोटर तुझ्याकडे कोणी आणून दिली?"

"दत्ताभाऊंनी."

"खोटं बोलू नकोस."

"साईं, सुबह सुबह मला झूठा बोलता? बोहनी पण नाय झाली अजून." त्यानं खणातून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. वर तुझं नाव लिहिलेलं. आत मोटर. "आवाज करत होती म्हणून घेऊन आले होते. मैंने बोला, आठ दिवसांनी या. फिर तो वो खबर आली. मी तुमचीच वाट बघत होतो. तुम्ही आलाच नाय."

"तो एकटा आला होता?"

"एकटा कसा येणार? वो बाई होती ना साथ में. कमळ." आणि गोपालनं स्वतःचे दोन्ही हात समोर धरून हलवून दाखवले. थरथर, थरथर. "त्यांचे हात तर बघितलेत ना तुम्ही? मी चाय दिली, तर बाईनं ग्लास धरला, त्यांनी प्यायली. मुझे तो रोना आ गया. आणि ते दोघं काय करत होते माहितीये? भांडत होते! माझ्या दुकानात!"

"कशावरून?"

"आस पे. दत्ताभाऊ बोले, आवळ. ती बोलली, नाय आवळायची. बोलली, माझ्या बापाची बैलगाडी होती, आस इतकी घट्ट केली तर बांधावरून उतरताना चाक मोडतं, थोडी खेळायला पायजे. दत्ताभाऊ बोले, ही बैलगाडी नाय, इंजिन आहे. ती बोलली, बाबा, वळणाला काय ठाऊक, वर बैल हाय का इंजिन!" गोपाल पोट धरून हसला. "मी विचारलं, ये आपकी कारीगर है? तर बोले, कारीगर कुठली, मालकीण आहे. माझ्यावर ओरडते."

मी हसलो नाही. मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसलो. शेवटी तो चहा मी घेतला.

दत्ता, किती दिवसांपासून थरथरत होते रे तुझे हात?

शाल, पित्त, मान हलवणं, "अकरानंतर ये". सगळे माझे संशय एकेक करून खरे निघाले. तू लपवत होतास, जोडीदारही दुसरा होता. फक्त मी जे समजलो ते नव्हतं.

घरी येऊन वहिनींना फोन लावला. मोटर सापडली, ठोकळे कशासाठी बांधले होते, सगळं सांगितलं.

"तुम्हाला हातांचं माहीत होतं ना, वहिनी?"

"होतं. ह्यांनी मला आणि कमळला शपथ घातली होती. अनंताला कळू द्यायचं नाही म्हणाले. ठोकळ्यांचं मात्र देवाशप्पथ माहीत नव्हतं, भावोजी. मी सकाळी देवळात जायचे. परत यायचे तेव्हा दोघं गप्प बसलेले असायचे. मला वाटायचं, ह्यांच्याच्यानं आता जोडणं होत नाही, इंजिन अर्धंच राहिलं."

"पण पिशवीत का ठेवल्या तिनं?"

"तेराव्याला पाहुण्यांची पोरं नव्हती का धिंगाणा घालत? तिनं उचलून ठेवल्या असतील. मला आत्ता सुचतंय हे."

"मग तेव्हा तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तुम्ही बोललात ना," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्यामागे मी तुमच्या शब्दावर चालायचं ठरवलं होतं."

फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

तू मला का नाही सांगितलंस? हे मी रागानं विचारतोय. शाळेत तुला दुसरं कडवं कधी आठवलं नाही. प्रत्येक वेळी मी मागच्या बाकावरून पुटपुटायचो आणि तू माझ्या तोंडून ऐकून म्हणायचास. इन्स्पेक्टर आले त्या दिवशी तर पूर्ण कविता तू माझ्या पुटपुटण्यावर म्हटलीस आणि शाबासकीही घेतलीस! तेव्हा तुला लाज वाटली नाही. मग मी तुझे हात झालो असतो तर काय बिघडलं असतं? तू नुसतं सांगत गेला असतास, मी लावत गेलो असतो. नियम मोडला असता, एवढंच ना?

हे लिहिलं आणि पेन थांबलं. कारण उत्तर मला माहीत आहे.

कल्याणला आपण ठोकळ्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ पूल जोडत होते. त्यांचा हात कापत होता, शेवटचा ठोकळा लावताना अख्खी कमान खाली आली. परत येताना मी म्हणालो, मोठ्यानं, अगदी मजेत, "हात कापायला लागले की माणसानं ठोकळे खाली ठेवावेत आणि जपमाळ घ्यावी." तू हसला नाहीस. मला वाटलं, तुला ऐकू गेलं नाही.

ऐकू गेलं होतं. नाही का? तेव्हाच सुरुवात झाली होती का रे? त्या दिवशी तू हात खिशात घालून चालत होतास का? मी आठवायचा प्रयत्न करतोय आणि मला आठवत नाही. रिळांच्या गाडीचा ठेका आठवतो आणि हे आठवत नाही, काय करू या आठवणींचं!

म्हणजे बघ. तुझं तोंड मी बंद केलं, मग तू तिचं केलंस, आणि तिच्या बंद तोंडाला मी चोरी म्हटलं. ती एका वाक्यात सुटली असती. "बाबांचे हात कापायचे, मी जोडायचे." एवढंच म्हणायचं होतं. तू मेलेला होतास, तुला कुठे कळणार होतं? पण तिनं तुझ्या फोटोकडे बघितलं आणि गप्प राहिली. मी साठ वर्षांचा मित्र. मी असतो तर गप्प राहिलो असतो का? संशय आहे. स्वतःबद्दलचा हा पहिलाच.

आता ऐक, मी काय करणार आहे ते. उद्या सकाळी मी वाडीवर जाणार आहे, वहिनींना तसं सांगितलंय. तिच्या दारात, तिच्या माणसांसमोर उभा राहून सांगणार आहे. "गैरसमज झाला" असं गुळमुळीत नाही. "मी हिला चोर म्हणालो. ही चोर नाही. हिनं माझ्या मित्राचे हात चालवले, आणि आम्हाला तीन वर्षं न जमलेलं वळण हिनं घेतलं," हे शब्द. जेवढ्या मोठ्यानं तेराव्याला बोललो तेवढ्याच मोठ्यानं. आणि ती म्हणेल त्या घरी, म्हणेल त्या माणसासमोर पुन्हा. हे वचन तुला. या वेळी मागच्या बाकावरून पुटपुटणार नाही.

थांब. बेल वाजतेय. या वेळी कोण? दूधवाला सकाळीच येऊन गेला.

दत्ता, दारात कमळ आहे.

मी जाळीच्या दारातून बघतच राहिलो. ती म्हणाली, "बुवापाड्याच्या आजींचा फोन आलता. तुम्ही उद्या वाडीवर येनार म्हनं."

"हो. सगळ्यांसमोर सांगायला."

"नका येऊ. वाडीवर कुनाला ठाव नाय अजून, माला चोर म्हनले ते. घरीबी नाय सांगितलं मी. काम सुटलं एवढंच सांगितलं. तुमी येऊन बोलाल नि मंग समद्यांना ठाव होईल."

बघ, चांगलं करायला निघालो, तेही न विचारता! मी म्हटलं, "आत ये, पाणी घे."

"पानी नको. जिथं बोललात तिथंच बोला. बुवापाड्यात. त्या बायांसमोर. आजींनी त्यांना बसवून ठेवलंय. खाली रिक्षा उभी हाय, चला."

"आत्ता?"

"मंग कवा? चार महिने झाले ना."

ती उंबऱ्याच्या बाहेर उभी आहे, चौकटीला टेकलेलीसुद्धा नाही. चष्मा शोधतो असं सांगून मी आत आलोय आणि या शेवटच्या ओळी उभ्यानं लिहितोय. चष्मा डोळ्यावरच आहे, हे तिला नक्की दिसलं असणार. माझे हात कापतायत रे दत्ता. आता हाक मारतेय, "काका, येताय ना?"

निघालो.

तुझा,
अनंता